कॅरॅव्हॅनची सहल आणि मिशनची सेवा : निघण्यापूर्वीच्या काही सूचना

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील धर्मग्रामांतून पावसाळा ओसरू लागला की एक बेत दरसाल नव्याने शिजू लागतो : दोनतीन कुटुंबांनी मिळून झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेली कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यावी, जव्हार-मोखाड्याकडे किंवा डहाणू-तलासरीकडे चार दिवस जावे, त्यांपैकी दोन दिवस एखाद्या मिशनच्या वसतिगृहात वा दवाखान्यात पडेल ते काम करावे, आणि उरलेले दोन दिवस डोंगर, धबधबा, समुद्र पाहण्यात घालवून घरी परतावे. बेत स्तुत्य आहे, आणि त्यात आता बिगरख्रिस्ती शेजारीही हौसेने सामील होतात ही विशेष समाधानाची गोष्ट. तथापि गाडीचा परवाना कोणता असावा, वर्गणी कोणाच्या नावाने गोळा करावी, गावात शिरताना कोणास विचारावे, जुने कपडे न्यावेत की नाही, असे तेच ते प्रश्न वाचकांकडून वारंवार विचारले जातात. या प्रश्नांच्या मुळाशी बहुधा एकच घोटाळा असतो, तो असा की सहलीचे खाते आणि सेवेचे खाते यांची सरमिसळ झालेली असते. पैशाच्या बाबतीत, वेळेच्या बाबतीत आणि धर्माच्याही बाबतीत. ही खाती प्रारंभीच पृथक मांडली, तर पुढील पुष्कळशा अडचणी उद्भवतच नाहीत.

कल्पना अगदीच परकी आहे असे समजून बिचकण्याचे कारण नाही. १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनची माणसे पुढे अहमदनगर भागात हिवाळा लागला की बैलगाडीवर तंबू लादून गावोगाव मुक्काम करीत हिंडत. त्यांचा दौरा धर्मप्रचारासाठी असे, आपला तसा नाही, हा भेद मात्र पक्का ध्यानात असावा. आजच्या अमेरिकेत मेथॉडिस्ट पंथीयांच्या ‘नोमॅड्स’ या संस्थेमार्फत निवृत्त दांपत्ये आपापली फिरती घरे घेऊन ठिकठिकाणी जातात. यजमान संस्था गाडीला जागा, पाणी आणि वीज देते आणि ही मंडळी तेथील छपरे दुरुस्त करतात, भिंती रंगवतात. आपल्याकडील यजमानाजवळ जागा विपुल असते, वीज बेताची असते आणि पाणी उन्हाळ्यात पुष्कळदा त्यालाच पुरत नाही. म्हणून तिकडचा शिरस्ता जसाच्या तसा इकडे चालत नाही.

आधी पत्र, मग गाडी

बहुतेक मंडळी प्रथम गाडीचा बयाणा देतात आणि नंतर सेवेसाठी जागा शोधू लागतात. हा क्रम उलटा करावा. आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना बेत सांगून त्यांचे एक परिचयपत्र घ्यावे. धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असल्यास तिच्या कार्यकर्त्यांना भेटावे. १८३३ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या या संस्थेची माणसे गरजूंच्या घरी स्वतः जाऊन चौकशी करण्याच्या पद्धतीत मुरलेली असतात, आणि कोणत्या मिशनला कशाची निकड आहे याची वार्ता त्यांना असते. मुंबई महाधर्मप्रांताचे सेंटर फॉर सोशल ॲक्शन हेही विचारपूस करण्याचे योग्य ठिकाण. एक गोष्ट लक्षात असू द्यावी की वसई आणि त्यापलीकडचा पालघरचा मुलूख १९९८ पासून स्वतंत्र वसई धर्मप्रांतात मोडतो; तेव्हा तिकडील संस्थेशी व्यवहार करावयाचा तर आपल्या फादरांची शिफारस पुरेशी न मानता त्या संस्थेच्या प्रमुखांची लेखी संमती मागवावी. तलासरीचे येशूसंघीयांचे मिशन असो की एखाद्या पाड्याजवळचा सिस्टरांचा लहानसा दवाखाना असो, अचानक दारात उभी राहिलेली गाडी त्यांच्या कामात व्यत्ययच आणते.

पत्रात पुढील गोष्टी स्पष्ट विचाराव्या :

- आम्ही अमुक इतकी माणसे अमुक तारखांना आलो, तर आपल्या नित्यक्रमास हरकत नाही ना?
- आमच्यात वायरमन, शिक्षक, परिचारिका, हिशेबनीस असे कोण आहेत ते कळवीत आहोत. यांपैकी कोणाचा उपयोग आहे?
- वस्तू आणावयाच्या असल्यास कोणत्या, किती आणि कोणत्या मापाच्या?
- गाडी उभी करण्यास जागा, वळण्यास वाव आणि फाटकाची रुंदी किती?
- पाणी आम्हीच घेऊन यावे काय?

वस्तूंविषयीचा प्रश्न औपचारिक समजू नये. एका वसतिगृहाची कोठी पाहण्याचा योग मला आला होता. कार्टूनची चित्रे छापलेली दप्तरे तेथे छतापर्यंत रचलेली होती, बिस्किटांच्या खोक्यांना मुंग्या लागल्या होत्या, आणि सिस्टरांनी खिशातून जी यादी काढली तिच्यात न्हाणीघराच्या नळांचे वायसर, मुलींसाठी सॅनिटरी पॅड, शिलाई यंत्राचा पट्टा आणि नववीच्या गणिताची पुस्तके एवढेच होते. ही यादी कोणी मागितलीच नव्हती! जुन्या कपड्यांच्या बाबतीत तर माझे मत निश्चित आहे : मागितल्यावाचून नेऊ नयेत, आणि नेल्यास धुऊन, इस्त्री करून, मापाप्रमाणे गठ्ठे बांधून न्यावेत.

तारखांचा विचारही यजमानाच्या बाजूने करावा. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील असंख्य आदिवासी कुटुंबे दिवाळी आटोपली की वसई, भिवंडी इत्यादी ठिकाणच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर स्थलांतर करतात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. नाताळच्या सुटीत आपण पाड्यावर जाल, तर वृद्ध आणि लहान मुले यांच्याखेरीज फारसे कोणी भेटणार नाही. यास्तव पाड्यावरील काम, म्हणजे आधार कार्ड, बँकेचे केवायसी, जातीचा दाखला यांचे अर्ज भरून देण्यासारखे काम करावयाचे असल्यास सप्टेंबरचा उत्तरार्ध ते दिवाळी हा काळ उत्तम. वसतिगृहातील दुरुस्ती किंवा रंगकाम मात्र नाताळात मुले घरी गेल्यावरच सोयीचे पडते. मुलांना शिकवावयाचे असेल तर जानेवारी बरा. ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात उपवासासोबत सेवा करावी ही भावना योग्यच, परंतु मार्चपासून मोखाड्यात पाण्याची ओढ सुरू होते हे पाहून त्या काळात मोठी टाकी असलेली गाडी तिकडे नेऊ नये. पावसाळ्यात धो धो पाऊस कोसळणाऱ्या या तालुक्यात उन्हाळ्यात बाया डोक्यावर हंडे घेऊन दूरवर जातात. त्यांच्या विहिरीवरून आपल्या शॉवरसाठी शंभर लिटर पाणी भरणे हे कोणत्याही सेवेने भरून निघणारे नाही.

गाडीच्या तीन वाटा

*पहिली : चालकासह भाड्याची कॅरॅव्हॅन.* महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले असून, त्यानुसार कॅरॅव्हॅन आणि त्या उभ्या करण्याची पार्क यांची नोंद पर्यटन संचालनालयाकडे होऊ शकते. गाडी ठरवताना ही नोंद आहे काय, हे विचारण्यास संकोचू नये. भाड्याने फिरणाऱ्या गाडीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी कोणी भाड्याने देऊ केली, तर ती कितीही सुंदर असली तरी नाकारावी. अपघात झाल्यास विमा कंपनीने हात वर केले, तर आपली बाजू दुबळी ठरते.

*दुसरी : स्वतःची किंवा नातलगाची रूपांतरित गाडी.* जुनी मिनीबस घेऊन तिच्यात खाटा, सिंक आणि ओटा बसवून घेण्याचा छंद उपनगरांत वाढला आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जे बदल करता येतात त्यांची नोंद आरटीओकडून आरसी बुकात करून घ्यावी लागते. अंधेरीकरांनी अंधेरीच्या, बोरिवलीकरांनी बोरिवलीच्या, आणि मुलुंड-घाटकोपरकरांनी वडाळ्याच्या कार्यालयात चौकशी करावी. अशा गाडीतून नेताना डोईमागे आकार घेऊ नये. घरच्या माणसांनी डिझेल वाटून घेणे निराळे आणि धर्मग्रामात जागा विकणे निराळे.

*तिसरी : साधी टेम्पो ट्रॅव्हलर आणि मिशनच्या खोल्या.* ही वाट कोणास फारशी आकर्षक वाटत नाही, पण आठांहून अधिक माणसे असतील, किंवा काम एकाच जागी दोन दिवस असेल, तर माझी शिफारस हीच आहे. कॅरॅव्हॅनमध्ये बसण्याच्या जागा आणि झोपण्याच्या जागा यांची संख्या सारखी नसते, आणि चालत्या गाडीत खाटेवर माणसे निजवून नेणे धोक्याचे आहे.

चालविण्याच्या लायसन्सविषयी जो संभ्रम होता तो सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दूर केला : हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या इसमास ७,५०० किलोपर्यंतचे वाहतूक वाहन चालविण्यास वेगळ्या शेऱ्याची आवश्यकता नाही. तरीही लांबरुंद गाडी चालविण्याचा सराव नसताना जव्हारच्या वळणांवर तो सुरू करू नये.

भाड्याचा हिशेब आणि करारनामा

येथे वाचक सर्वांत अधिक फसतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटर किमान धरण्याचा रिवाज आहे. समजा, किमान ३०० ठरले आणि चार दिवसांसाठी गाडी घेतली, तर गाडी धावो अथवा न धावो, १,२०० किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात. अंधेरीहून जव्हार सव्वाशे-दीडशे किलोमीटर. जाणे-येणे आणि आसपासची भटकंती धरली तरी प्रत्यक्ष धाव जेमतेम चारसाडेचारशे होते. त्यातही दोन दिवस गाडी मिशनच्या आवारात नुसती उभी असते. अर्थात, ज्या दिवशी आपण सेवा करता त्या दिवशी आपण सर्वांत महाग सहल करीत असता! यावर उपाय एवढाच की उभ्या दिवसांचा वेगळा, ठोक दर आधी ठरवून घ्यावा, आणि मालक मानत नसल्यास दुसरा मालक पाहावा.

करारनाम्यात, निदान व्हॉट्सॲपवरील लेखी कबुलीत, खालील बाबी असाव्यात :

- दिवस कोणत्या घटकेपासून कोणत्या घटकेपर्यंत मोजला जाणार; मध्यरात्री बारा ते बारा, की निघाल्यापासून चोवीस तास;
- किलोमीटर मालकाच्या गॅरेजपासून मोजणार की आपल्या दारापासून;
- चालकाचा बत्ता, रात्रीचा आकार, टोल, पार्किंग आणि जीएसटी भाड्यात अंतर्भूत आहेत किंवा नाहीत;
- गुजरात किंवा दादरा-नगर हवेलीची हद्द ओलांडावयाची असल्यास तसा परवाना आहे काय, कारण तलासरीहून सेलवास फार दूर नाही आणि मोह होतोच;
- गाडी वाटेत बंद पडल्यास पर्यायी गाडी किती तासांत मिळेल;
- बयाणा किती, आणि कोणत्या मुदतीपर्यंत बेत रद्द केल्यास किती परत;
- अनामत असल्यास ती परत करण्याची तारीख.

आरसी, फिटनेस, परवाना, विमा आणि पीयूसी यांची रुजुवात एमपरिवहन या शासकीय ॲपवर गाडीचा क्रमांक घालून घरबसल्या करता येते. गाडी ताब्यात घेताना आतून-बाहेरून चलचित्र काढून ठेवावे. काच आधीचीच तडकलेली होती हे मागाहून सिद्ध करीत बसण्यापेक्षा ते सोपे. चालक हा यंत्राचा भाग नसून माणूस आहे, त्याला पंगतीत बसवावे, निजण्यास बंदिस्त जागा द्यावी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्ये दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी तरतूद होती. सेवेला निघालेल्या मंडळींनी तरी ती स्वतःहून पाळावी.

आता एक अप्रिय गणित. भाडे, डिझेल, खाणे यांचा एकूण खर्च एका बाजूस आणि मिशनला प्रत्यक्ष मिळणारे साहाय्य दुसऱ्या बाजूस लिहून पाहावे. पहिला आकडा दुसऱ्याच्या अनेक पट झाला, तरी सहल करू नये असे मी म्हणत नाही. सहल हा अपराध नव्हे. पण मग तिला सहलच म्हणावे आणि मिशनला वेगळी देणगी पाठवावी. निव्वळ सेवेचीच ओढ असेल, तर अंधेरीच्या महाकाली रस्त्यावर लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर यांचा वृद्धाश्रम आहे, आणि तेथे जाण्यास बेस्टची बस पुरते.

वर्गणी, देणगी आणि परदेशस्थ आप्त

सोसायटीच्या ग्रुपवर “यथाशक्ती पाठवा” असे लिहून कोणा एकाच्या खात्यात पैसे जमविण्याची प्रथा सर्रास झाली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क नुसार, नोंदणीकृत न्यासाखेरीज इतरांनी धार्मिक वा धर्मादाय हेतूने वर्गणी गोळा करण्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे ती घेतात, आपणही नियमाबाहेर नाही. त्याहून सरळ मार्ग असा की देणगीदारांनी रक्कम थेट मिशनच्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात भरावी आणि पावती न्यासानेच द्यावी. भाडे आणि डिझेल यांचे पैसे फक्त प्रवाशांकडून घ्यावेत, आणि त्याची वही निराळी असावी.

प्राप्तिकराविषयी :

- देणगीवरील सवलत न्यासाकडे तशी मान्यता असल्यासच, आणि जुनी करप्रणाली निवडणाऱ्यासच मिळते.
- रोख दोन हजार रुपयांहून अधिक दिल्यास त्या देणगीवर सवलत नाही.
- धान्य, कपडे, औषधे अशा वस्तुरूप दानावर सवलत नाही.
- गाडीचे भाडे ही देणगी नव्हे. हा प्रश्न हसण्यासारखा वाटेल, पण तो विचारला जातो.

मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतील अर्धी माणसे आखातात नाहीतर कॅनडात असतात, आणि बेताची वार्ता कळताच तेही पैसे पाठवू इच्छितात. येथे पासपोर्ट पाहावा. भारतीय पासपोर्टवर परदेशी राहणाऱ्या आप्ताने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिलेली रक्कम परकीय देणगी ठरत नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व पत्करले आहे, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड का असेना, त्याची देणगी मात्र परकीय ठरते, आणि ती केवळ एफसीआरए नोंदणी असलेली संस्थाच, दिल्लीतील स्टेट बँकेच्या नेमून दिलेल्या शाखेतील खात्यात स्वीकारू शकते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेने दुसरीकडे वळती करण्यासही मनाई आहे. आपल्या खात्यात घेऊन “मी देऊन टाकीन” ही तजवीज करू नये. तिच्यामुळे आपण अडचणीत येताच, शिवाय मिशनही येते, आणि त्यांची नोंदणी गेली तर वसतिगृहाची चूल विझते.

वाट, मुक्काम, पाणी आणि मैला

पश्चिम उपनगरांतून दहिसर, वर्सोवा पूल, विरार फाटा, मनोर आणि तेथून विक्रमगडमार्गे जव्हार ही सरळ वाट. मुलुंड-घाटकोपरकरांना ठाण्याहून घोडबंदर रस्ता पडतो, परंतु गायमुखच्या चढावर अवजड गाड्यांच्या रांगेत सकाळ जाण्याचा संभव मोठा. भिवंडी-वाडा मार्ग, किंवा मोखाड्यासच जावयाचे असल्यास कसाऱ्याहून खोडाळ्याकडे जाणारा रस्ता, यांची त्या दिवशीची स्थिती विचारून निर्णय करावा. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास डहाणूजवळील महालक्ष्मीच्या यात्रेमुळे चारोटीच्या आसपास महामार्ग तुंबतो. फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवावी, आणि रोख पैसेही जवळ असावेत, कारण डोंगरात नेटवर्क गेले की यूपीआय निरुपयोगी. कॅरॅव्हॅनची उंची कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी; पाड्यांवरील विजेच्या तारा खाली लोंबतात.

सूर्यास्तानंतर आडवाटेने प्रवास करू नये. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, मुले पळविणारी टोळी फिरत असल्याच्या अफवेतून, कांदिवलीहून सुरतेकडे निघालेल्या दोन साधूंचा आणि त्यांच्या चालकाचा जमावाने बळी घेतला. पडदे लावलेली, अनोळखी, मोठी गाडी रात्री पाड्याजवळ थांबणे आजही शहाणपणाचे नाही. मुक्काम मिशनच्या आवारात, नोंदणीकृत कृषी पर्यटन केंद्रात किंवा लॉजच्या आवारात करावा.

पिण्याचे आणि वापरण्याचे पाणी शक्य तो मनोरपूर्वीच भरावे. शौचालयाची टाकी ओढ्यात, शेतात वा झाडाआड रिकामी करण्याचा विचारही मनात आणू नये. ती कोठे रिकामी करावयाची हे मालकाकडून आधीच लिहून घ्यावे, आणि यजमानाचे शौचकूप असले तरी रसायन मिसळलेला मैला त्यात त्यांच्या संमतीवाचून ओतू नये. वातानुकूलन यंत्र आवाराच्या विजेवर चालवाल, तर वसतिगृहातील मुलांचे दिवे मंदावतील. शिवाय बिल कोण भरणार हा प्रश्न उरतो. पंख्यावर भागवावे. घरगुती गॅस सिलिंडर डिकीत टाकून नेऊ नये.

गावात शिरताना

जव्हार, मोखाडा, तलासरी, डहाणू हे तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात आणि तेथे पेसा कायद्याने ग्रामसभेस विशेष अधिकार आहेत. पाहुण्याने चार अर्ज भरून देण्यास ग्रामसभेचा ठराव लागतो असे नाही. तथापि सरपंचास आणि ग्रामसेवकास आगाऊ पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी, आणि पोलीस पाटलास गाडीचा क्रमांक कळवावा. शासकीय आश्रमशाळेत जावयाचे असल्यास जव्हार किंवा डहाणू येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी हवी. मुख्याध्यापकांची तोंडी संमती पुरेशी धरू नये.

धर्माच्या खात्याविषयी स्पष्टच लिहितो. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, परंतु १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क येत नाही असा निर्वाळा दिला. वस्तूंचे वाटप आणि प्रार्थना एकाच जागी, एकाच वेळी झाली, तर आपल्या मनात काही नसले तरी पाहणाऱ्यास आमिष दिसते, आणि त्याची झळ आपण परतल्यानंतर तेथे राहणाऱ्या सिस्टरांना व शिक्षकांना लागते. म्हणून :

- धान्याच्या पिशवीत पवित्र चित्रे, पत्रके, जपमाळा घालू नयेत.
- मिस्सा आपल्या माणसांसाठी, प्रार्थनामंदिरात, वाटपाच्या वेळेखेरीज व्हावी. बरोबरच्या हिंदू, जैन किंवा बौद्ध मित्रांना तीत बसण्याचा आग्रह नको.
- औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीवाचून देऊ नयेत. घरात उरलेल्या गोळ्या तर मुळीच नेऊ नयेत.
- मुलांची छायाचित्रे वसतिगृह प्रमुखांच्या लेखी संमतीशिवाय काढू नयेत, नाव-गाव देऊन प्रसृत करू नयेत, आणि प्रौढ पाहुण्याने मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये.

कोणी अडवून जाब विचारलाच, तर वाद न घालता मिशनचे संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीची पोच दाखवावी, आणि जमाव वाढत असल्यास ११२ वर दूरध्वनी करून गाडीतच बसून राहावे.

सहलीचे दोन दिवस

सेवा आधी आणि सहल मागाहून, हा क्रम बरा. दमलेल्या अंगाने दाभोसाचा धबधबा अधिक गोड लागतो आणि यजमानाकडे उशिरा पोहोचण्याचा प्रसंग येत नाही. जव्हारला मुकणे राजांचा जयविलास राजवाडा आणि सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम जेथे झाला ते शिरपामाळ पाहावे. होळीनंतरच्या दिवसांत गेलात आणि बोहाड्याची सोंगे पाहावयास मिळाली, तर प्रेक्षक म्हणून एका बाजूस उभे राहावे. तो गावाचा उत्सव आहे, करमणुकीचा कार्यक्रम नव्हे. डहाणूकडे वळलात तर बोर्डीची सुरूची बने आणि घोलवडचे चिकू आहेतच, मात्र गाडी वाळूत उतरवू नये. चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या मुलुखात वारली चित्र घ्यावयाचे असेल, तर ते काढणाऱ्याच्या हातूनच आणि घासाघीस न करता घ्यावे.

फसवणूक झाल्यास

कबूल केलेली गाडी न देणे, शौचालय वा खाटा वापरण्यायोग्य नसणे, अनामत अडकवून ठेवणे ही सेवेतील त्रुटी होय. प्रथम मालकास लेखी कळवून पंधरा दिवसांची मुदत द्यावी. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यानेही भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहता त्या जिल्ह्यातील आयोगाकडे, म्हणजे उपनगरवासीयांनी वांद्रे पूर्व येथील मुंबई उपनगर जिल्हा आयोगाकडे, जाता येते. मालकाचे कार्यालय पुण्यात असले तरी हरकत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहारास शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्ती नाही. पावत्या, चलचित्र आणि लेखी कबुली जवळ असल्या की निम्मे काम झालेले असते.

परतल्यावर आठ दिवसांत दोन्ही वह्यांचा हिशेब मिळून गेलेल्या सर्वांना पाठवावा, आणि मिशनला आभाराच्या पत्राबरोबर अपुरे राहिलेले काम कोणते याची विचारणा करावी. यंदा दिवाळीपूर्वी निघण्याचा ज्यांचा विचार असेल, त्यांनी मिशनला लिहावयाचे पत्र ऑगस्ट संपण्यापूर्वी टपालात टाकावे, आणि उत्तर हाती येईपर्यंत कोणत्याही गाडीवाल्यास एक रुपयाही बयाणा देऊ नये.